जिथे जमीन सारखी हलते तिथे राहायचं कसं

काही भागांत महिन्यातून तीन-चारदा भांडी वाजतात, खिडक्यांच्या काचा खडखडतात, लोक एकमेकांकडे बघून "जाणवला ना?" एवढंच विचारतात आणि परत आपापल्या कामाला लागतात. हे त्या लोकांसाठी लिहितेय. भूकंपात काय करावं याच्या सूचना सगळीकडे मिळतात, पण त्या बहुतेक अशा माणसासाठी असतात ज्याच्या आयुष्यात भूकंप एकदाच येणार आहे, जिथे धक्के रोजचेच झालेत तिथली अडचण वेगळी असते. तिथे हळूहळू दोन प्रकारची माणसं तयार होतात. एक ज्यांना कशाचं काही वाटेनासंच होतं, पलंगावरून उठतही नाहीत, आणि दुसरी ज्यांची झोपच उडालेली असते, बाहेरून ट्रक गेला तरी दचकतात. मोठा धक्का आला की दोघंही अडकतात, पहिला बसूनच राहतो आणि दुसरा जिन्यावरून पळत सुटतो. माझं म्हणणं एवढंच की प्रत्येक छोटा धक्का ही रंगीत तालीम समजायची आणि तो वाया जाऊ द्यायचा नाही. कसं ते सांगते.

पण आधी एक गैरसमज काढून टाकू, कारण तो फार पसरलाय. "बारीक बारीक धक्के बसतायत ते चांगलंच आहे, जमिनीतली ताकद थोडी थोडी निघून जाते, आता मोठा येणार नाही." हिशोब करून बघा. रिश्टरचा आकडा एकने वाढला की बाहेर पडणारी ऊर्जा साधारण ३२ पट होते, म्हणजे ७ च्या एका भूकंपाएवढी ऊर्जा ३ च्या धक्क्यांनी बाहेर काढायची तर असे दहा लाख धक्के लागतील. तेवढे कुठेच बसत नाहीत. आणि उलटही खरं नाही हां, छोटे धक्के सुरू झाले म्हणजे मोठा येणारच असंही नसतं. जपानमध्ये मात्सुशिरो नावाच्या गावाजवळ १९६५ च्या ऑगस्टपासून धक्के सुरू झाले ते पुढे काही वर्षं चालू राहिले, नुसते माणसांना जाणवलेलेच ६० हजारांच्या वर गेले, आणि त्यातला सगळ्यात मोठा ५.४ चा होता. इटलीत लाक्विलाला मात्र महिनोनमहिने छोटे धक्के बसत होते, घाबरण्यासारखं काही नाही असा धीर लोकांना दिला गेला, आणि ६ एप्रिल २००९ ला पहाटे ६.३ चा आला, ३०० हून जास्त माणसं गेली. तिथल्या जुन्या लोकांची रीत होती की रात्री धक्का जाणवला की उरलेली रात्र बाहेर मोकळ्यावर काढायची, त्या रात्री बरेच जण धीराच्या शब्दांवर विश्वास ठेवून घरातच झोपले. किल्लारीलाही १९९३ च्या मोठ्या भूकंपाच्या आदल्या वर्षी लोकांना धक्के जाणवले होते. तेव्हा छोट्या धक्क्यांवरून ना निश्चिंत व्हायचं ना तारीख ठरवायची. तारीख आणि वेळ सांगणारा मेसेज आला तर तो खोटा आहे, जगात कुणालाही अजून ते जमलेलं नाही, पुढे पाठवू नका.

आता घराकडे वळू, कारण खरं काम तिथेच आहे. धक्का बसून गेला की दहा मिनिटं काढा आणि घरभर एक फेरी मारा. बघायचं काय तर कुठली वस्तू जागची हलली. कपाटाचे पाय फरशीवर जरासे सरकले असतील तर धुळीत त्याची रेघ दिसते, फळीवरच्या बरण्या कडेपर्यंत आलेल्या असतात, फोटोफ्रेम वाकडी झालेली असते, टीव्ही थोडा फिरलेला असतो. आज जे बोटभर सरकलंय ते मोठ्या धक्क्यात तुमच्या अंगावर येणार आहे, इतकं साधं आहे ते. ही यादी दुसरं कुणी तुम्हाला देऊ शकत नाही, तुमचं घरच देतं. त्या दिवशी निदान एक वस्तू तरी पक्की करा. सगळं एकदम करायला बसलं की होत नाही, धक्क्यागणिक एक असं धरलं तर वर्षभरात घर बरंचसं बांधून होतं.

कपाट बांधायचं म्हणजे काय ते नीट सांगते, कारण इथे लोक नुसता खिळा ठोकून समाधान मानतात. लोखंडी एल आकाराच्या दोन पट्ट्या घ्या, कपाटाच्या वरच्या बाजूला दोन टोकांना लावा, आणि भिंतीत ड्रिल करून नुसत्या प्लास्टरमध्ये नाही तर आतल्या विटेत किंवा काँक्रीटमध्ये पक्का बसेल असा फास्टनर टाका. प्लास्टरमध्ये अडकलेला स्क्रू कपाट पुढे झुकलं की खपली निघावी तसा बाहेर येतो. कपाटाच्या बाजूलाही स्क्रू फळीच्या जाड भागात जायला हवा, मागच्या पातळ प्लायमध्ये घातला तर तो प्लाय फाटून कपाट पडतंच. भिंत पोकळ असेल तर आतला आधार शोधून त्यात बसवा. पट्टे वापरत असाल तर ते ताठ हवेत, सैल पट्टा झटक्याने तुटतो. जड वस्तू खालच्या खणात, हलक्या वर, काचेचं कपाट असेल तर दाराला कडी. फुलदाणी वगैरेला खालून चिकटणारी पुट्टी मिळते ती लावा. गीझर आणि पाण्याची टाकी कशावर उभी आहे ते एकदा बघाच, भरलेली टाकी शेकडो किलोंची असते आणि ती बहुतेक वेळा नुसती ठेवलेली असते.

पण झोपायची खोली पहिली, हे लक्षात ठेवा. जपानमधल्या कोबे शहराचा भूकंप १७ जानेवारी १९९५ ला पहाटे ५.४६ ला आला, लोक अंथरुणात होते, घरं आणि कपाटं अंगावर पडून माणसं गेली. लॉस एंजेलिसजवळ नॉर्थरिजला १९९४ मध्ये पहाटे ४.३१ ला. तुर्कस्तानात ६ फेब्रुवारी २०२३ ला पहाटे ४.१७ ला. आपण दिवसाचा मोठा भाग पलंगावर असतो तेव्हा पलंगाच्या वर आणि आजूबाजूला काय आहे हाच पहिला प्रश्न. डोक्यावर फळी नको, जड फ्रेम नको, पलंग खिडकीला चिकटून नको, आणि कपाट पडलं तर दाराची वाट अडेल अशा जागी नको. पलंगाच्या पायाला एक पिशवी बांधून ठेवा, तिच्यात जाड तळव्याचे बूट, टॉर्च आणि शिट्टी. बांधून यासाठी की नुसते ठेवलेले बूट हलताना खोलीभर कुठेही जातात आणि त्यांच्यात काचा पडतात. अंधारात अनवाणी उतरून पाय कापून घेणाऱ्यांची संख्या प्रत्येक मोठ्या भूकंपात खूप असते, आणि पाय कापला की मग मुलांना उचलणं, जिना उतरणं सगळंच अवघड.

आता हलायला लागलं की काय करायचं. जिथे आहात तिथे खाली बसा, मजबूत टेबलाखाली जा, आणि टेबलाचा पाय एका हाताने धरून ठेवा, कारण टेबल चालायला लागतं आणि तुम्ही उघड्यावर राहता. टेबल नसेल तर आतल्या भिंतीशी गुडघ्यावर बसून डोकं आणि मान हातांनी झाका. पलंगावर असाल तर तिथेच पालथे होऊन उशी डोक्यावर. व्हीलचेअर असेल तर चाकं लॉक करून पुढे वाकायचं आणि मान झाकायची. दाराच्या चौकटीत उभं राहायचं हे जुनं झालं, आजच्या घरात चौकट काही वेगळी मजबूत नसते आणि हलणारं दार बोटं चिरडतं. सोफ्याच्या किंवा पलंगाच्या बाजूला पोकळी राहते तिथे झोपा असा एक मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय, जाणकारांनी तो केव्हाच खोडून काढलाय. पळायचं नाही, कारण जोरात हलत असताना पळणारा माणूस पडतो, आणि इमारतीच्या दाराशी वरून काचा, कठड्याचे तुकडे, पॅरापेट येतं.

एक अपवाद मात्र मी मुद्दाम सांगते. मातीत बांधलेल्या जाड दगडी भिंती, वर जड छप्पर, तळमजला, आणि दार दोन पावलांवर आणि बाहेर खरंच मोकळी जागा, असं असेल तर पहिल्या झटक्याला बाहेर पडणं शहाणपणाचं. अशी घरं आतल्या माणसाला वाचायला जागा ठेवत नाहीत. तुमचं घर यातलं कुठलं ते आज शांतपणे ठरवा आणि घरातल्या सगळ्यांना एकच काय ते सांगून ठेवा. हलत असताना ठरवायला वेळ मिळत नाही.

म्हणूनच छोट्या धक्क्याला उठून हे सगळं करायचं, तो छोटाच आहे हे माहीत असलं तरी. खरं तर सुरू होताना तो छोटा आहे की मोठ्याची सुरुवात आहे हे कुणालाच कळत नाही. जमिनीतून आधी येणारी लाट वेगवान पण हलकी असते, दणका किंवा गडगड आवाज येतो तो तिचा, आणि जोरात आडवी हलवणारी लाट मागून येते. दोघींमधली सेकंदं मोजा आणि ८ ने गुणा, साधारण तेवढे किलोमीटर लांब भूकंप झाला. मुलांना हे मोजायला शिकवा, भीतीने किंचाळण्याऐवजी ती टेबलाखाली बसून आकडे मोजायला लागतात आणि त्यांचा तोच सराव होऊन जातो. मोबाइलवर येणारा भूकंपाचा इशारा याच फरकावर चालतो, जपानने तो २००७ पासून सगळ्या जनतेसाठी सुरू केलाय, आता बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये सेटिंगमध्येच असतो, चालू करून ठेवा. पण भूकंप तुमच्या पायाखालीच झाला तर इशारा वेळेत पोचत नाही, तेव्हा फोन वाजला नाही म्हणून बसून राहू नका.

स्वयंपाक चालू असेल तर? आधी स्वतःला सांभाळा, हलणं थांबलं की लगेच शेगडी बंद. हाताशीच असेल तर बटण फिरवा पण उकळत्या तेलाजवळ जाऊ नका. टोकियोच्या भागात १ सप्टेंबर १९२३ ला दुपारी १२ ला दोन मिनिटं कमी असताना भूकंप झाला, घरोघरी चुली पेटलेल्या, आणि मग जी आग लागली तिने भूकंपापेक्षा जास्त माणसं नेली. गॅसचा वास आला तर वीज चालू-बंद करायची नाही, सिलेंडरचा किंवा लाइनचा कॉक बंद करायचा, खिडक्या उघडून बाहेर पडायचं. लाइनचा गॅस एकदा बंद केला की परत स्वतः चालू करू नका, कंपनीच्या माणसाकडून तपासून घ्या. वास नसेल पण घर सोडून जाणार असाल तर विजेचा मेन स्विच पाडून जा, ही गोष्ट फार कमी लोक करतात. कोबेमध्ये वीज परत आल्यावर पडलेल्या हीटरमुळे आणि तुटलेल्या वायरींमुळे रिकाम्या घरांत आगी लागल्या.

आणि पहिला धक्का संपला म्हणजे संपलं असं धरू नका. यात फार माणसं फसतात. न्यूझीलंडमध्ये क्राइस्टचर्चजवळ ४ सप्टेंबर २०१० ला ७.१ चा भूकंप झाला, लोक वाचले, सगळ्यांना वाटलं निभावलं. त्यानंतर धक्के चालूच राहिले आणि २२ फेब्रुवारी २०११ ला आकड्याने लहान पण शहराच्या अगदी जवळ असा एक आला, त्यात १८५ माणसं गेली. जपानमध्ये कुमामोतोला एप्रिल २०१६ मध्ये १४ तारखेला एक जोरदार भूकंप झाला, तो मुख्य वाटला, मुख्य आला १६ ला. तुर्कस्तानात २०२३ ला ७.८ नंतर साधारण नऊ तासांनी ७.५ चा आला. तेव्हा तडे गेलेल्या घरात "फक्त कागदपत्रं घेऊन येतो" म्हणून शिरायचं नाही. कागदपत्रांच्या प्रती आधीच बाहेर कुणाकडे तरी ठेवा आणि फोनमध्ये फोटो काढून ठेवा, म्हणजे तो मोहच होत नाही.

तड्यांचं बघायला शिका. प्लास्टरवरची केसासारखी रेघ बहुतेक वेळा नुसती प्लास्टरचीच असते. खिडकी-दाराच्या कोपऱ्यातून तिरका निघालेला तडा, भिंतीवर फुलीसारखे एकमेकांना छेदणारे तडे, नाणं आत जाईल एवढी फट, किंवा कॉलम आणि बीम जिथे मिळतात तिथला तडा, काँक्रीट सुटून सळई दिसणं, पूर्वी नीट लागणारं दार अचानक अडकायला लागणं, हे दिसलं की बाहेर पडा आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा. गवंड्याकडून लिंपून घेऊ नका, लिंपल्याने तडा दिसेनासा होतो, भिंत जोडली जात नाही. बारीक तड्यांवर दोन्ही टोकांना पेन्सिलीने खूण करून तारीख लिहा. पुढच्या धक्क्यानंतर तडा खुणेच्या पुढे गेला का ते बघायचं, गेला असेल तर घर तुम्हाला काहीतरी सांगतंय.

घर भाड्याने घेताना किंवा विकत घेताना खालचा मजला आधी बघा. वर भिंतींनी भरलेले मजले आणि खाली नुसत्या खांबांवर उघडं पार्किंग असं असेल आणि ते भूकंपाचा हिशोब धरून बांधलेलं नसेल तर सगळा जोर त्या खांबांवर येतो. २६ जानेवारी २००१ च्या गुजरातमधल्या भूकंपात अहमदाबाद केंद्रापासून दोनशे किलोमीटरहून लांब होतं, तरी अशा कितीतरी इमारती तिथे खाली बसल्या. जमीनही बघा. मेक्सिको सिटी एका जुन्या तलावाच्या गाळावर उभी आहे, १९८५ चा भूकंप तिथून साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास लांब झाला पण त्या मऊ गाळाने हादरे कितीतरी वाढवले. खडकावरचं साधं घर गाळावरच्या चकचकीत घरापेक्षा बरं असू शकतं. आणि स्वतःचं घर असेल तर पैसा आधी मजबुतीकरणाला लावा, म्हणजे भिंती एकमेकींना आणि छपराला बांधून घेणं, छपरावरचं वजन कमी करणं, खालच्या मजल्यावर भिंती किंवा ब्रेसिंग म्हणजे तिरके आधार घालणं. टाइल्स आणि रंग नंतर. हे मी कळकळीने सांगतेय कारण सगळं आणीबाणीच्या सामानाचं किट, सगळा सराव एका बाजूला आणि न पडणारं घर एका बाजूला, माणसं वाचतात ती घरामुळे.

किटबद्दल थोडक्यात. माणशी दिवसाला चार लिटर पाणी, निदान तीन दिवसांचं, जमलं तर आठवड्याचं. न शिजवता खाता येईल असं खाणं, रोजची औषधं, चष्मा, टॉर्च, पॉवर बँक, थोडी रोकड, लहान मुलांचं सामान. ते घरात सगळ्यात आत ठेवू नका, बाहेर पडायच्या वाटेवर ठेवा. समुद्राजवळ राहत असाल तर जोरात किंवा वीसेक सेकंदांच्या वर हललं की इशाऱ्याची वाट न बघता उंचावर जायचं, आणि त्सुनामीची पहिली लाट येऊन गेली म्हणून खाली उतरायचं नाही, मागची जास्त मोठी असू शकते. लिफ्टमध्ये सापडलात तर सगळ्या मजल्यांची बटणं दाबा आणि जिथे थांबेल तिथे उतरा. गाडीत असाल तर पूल आणि विजेच्या तारा सोडून बाजूला थांबा, आतच बसा.

मनाचं काय, हा प्रश्न सारखे धक्के बसणाऱ्या ठिकाणी घराइतकाच मोठा आहे. आठवडेच्या आठवडे जमीन हलत राहिली की स्थिर असतानाही हलल्यासारखं वाटतं, गरगरतं, मळमळतं. जपानमध्ये मोठ्या भूकंपांनंतर हजारो लोकांना हे झालंय, तुम्ही वेडे झालेला नाही. टेबलावर एक ग्लास अर्धा पाणी भरून ठेवा. वाटलं की त्याच्याकडे बघायचं, पाणी शांत असेल तर ते फक्त तुमच्या कानातल्या तोल सांभाळणाऱ्या भागाचं आणि मनाचं काम आहे, दोन घोट घ्या आणि लांबच्या एखाद्या स्थिर गोष्टीकडे बघत बसा. अशा वेळी रात्री फोनवर धक्क्यांची यादी सारखी रिफ्रेश करणं बंद करा, त्याने झोप जाते आणि हाती काहीच लागत नाही. दिवसातून दोनदा आपल्या देशाच्या भूकंप केंद्राची साइट बघा, पुरे. मोठ्या भूकंपानंतरचे धक्के दिवसांगणिक कमी होत जातात, पहिल्या दिवशी जेवढे असतात त्याच्या साधारण दहावा भाग दहाव्या दिवशी, हे ओमोरी नावाच्या जपानी शास्त्रज्ञाने १८९४ मध्येच दाखवून दिलं. मधूनच एखादा मोठा येऊ शकतो, पण एकूण उतार नक्की असतो, आणि धक्क्यांची नोंद ठेवलेल्या स्वतःच्या वहीत तो दिसला की धीर येतो.

म्हणून वही ठेवाच. वेळ, किती सेकंद हललं, आवाज आला का, काय हललं, कोण कुठे होतं आणि त्याने काय केलं. शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. "आजोबा बाथरूमच्या दाराशी उभेच राहिले", "लहानी पळत बाल्कनीत गेली" असं लिहिलेलं असलं की पुढच्या वेळी काय शिकवायचं ते कळतं. मुलांवर ओरडू नका, दुसऱ्या दिवशी खेळ म्हणून परत करून घ्या.

फोनचंही आधीच ठरवा. मोठ्या भूकंपानंतर कॉल लागत नाहीत, मेसेज जातो. लांबच्या गावातला एक नातेवाईक ठरवा ज्याला सगळ्यांनी "मी ठीक, इथे आहे" एवढंच कळवायचं, त्याचा नंबर मुलांना पाठ हवा. घराबाहेर भेटायची एक जागा, आणि ती बंद असेल तर दुसरी. शाळा मुलं कुणाच्या ताब्यात देणार तेही शाळेला विचारून ठेवा. आणि शेजारच्यांशी एकदा बसून बोला, कुणाकडे अंथरुणाला खिळलेलं माणूस आहे, कोण दिवसभर एकटं असतं, कुणाकडे पहार किंवा शिडी आहे, कुणाला गॅसचा मुख्य कॉक कुठे आहे ते माहीत आहे. ढिगाऱ्याखालून माणसं काढायला पहिल्या तासांत शेजारीच येतात, कोबेलाही बहुतेकांना घरच्यांनी आणि शेजाऱ्यांनीच काढलं, बचाव पथक पोचेपर्यंत वेळ जातो. ती यादी वहीच्या पहिल्या पानावर लिहा आणि तिची एक प्रत शेजारीही देऊन ठेवा.